विहिरीत टीसीएल टाकताना

पहाटे पहिली कळशी शेंदणारी बाई पाणी आधी नाकाशी नेते. तिनं तोंड वाकडं केलं तर तुम्ही टीसीएल, म्हणजे पाण्यातले जंतू मारायची ब्लीचिंग पावडर, जास्त टाकलंय. तिला काहीच जाणवलं नाही तर बहुतेक कमी टाकलंय, नाहीतर टाकलंच नाही आणि वहीत सही तेवढी केलीय. तिनं "आज औषध टाकलंय वाटतं" एवढं म्हणून कळशी डोक्यावर घेतली, की समजायचं जमलं.

मी पाटण तालुक्यातल्या डोंगरी वाड्यांवर आरोग्य सेवक होतो. लोक मला डॉक्टर म्हणायचे. पहिलं वर्षभर मी "मी डॉक्टर नाही हो" म्हणत राहिलो, मग सोडून दिलं. आता निवृत्त झालोय, पण ग्रामपंचायतीत नवा जलसुरक्षक नेमला की तो संध्याकाळी चहाला येतो आणि विचारतो, "काका, किती टाकायचं?" परवा आलेल्या पोराला मी उलट विचारलं, "तुझ्या विहिरीत पाणी किती आहे?" तो म्हणाला, "भरपूर." त्याच्यासाठी हे लिहितोय. ज्यांच्या गावाकडच्या घराला आड आहे आणि जे मे महिन्यात पोरंबाळं घेऊन तिथं जातात, त्यांनाही उपयोगी पडेल.

आधी पावडरीबद्दल. ताज्या टीसीएलमध्ये वजनाच्या साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. तो उडून जायला टपलेलाच असतो. ऊन, ओल, हवा यातलं काहीही लागलं की तो कमी होत जातो आणि शेवटी हातात राहतो तो नुसता चुना. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर विहिरीत टाकू नये, हा नियम आहे. नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवता येतो आणि पाठवावाच. एका गावात मी पोतं पाहिलं ते तोंड उघडं, पत्र्याच्या खोलीत, खिडकीखाली, शेजारी युरियाच्या गोण्या. असं कधीही ठेवू नका. युरिया, अमोनियाची खतं, संडास धुवायचं ॲसिड यांच्याशी टीसीएल मिसळलं की विषारी वायू निघतात. पत्र्याच्या डब्यात ठेवलं तर डबा खातं. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा ड्रम, अंधारी कोरडी खोली, जमिनीवर लाकडी फळी, बस्स. वासावर जाऊ नका. डोळ्यात पाणी आणणारी पावडरसुद्धा कमजोर निघालेली मी पाहिली आहे.

आता "भरपूर" म्हणजे किती. दोरीला दगड बांधून विहिरीच्या तळाला टेकवा, वर ओढा आणि दोरीचा ओला भाग मोजा. तेवढी पाण्याची खोली. विहिरीचा व्यास पाण्याच्या पातळीजवळ मोजा, कठड्याचा नको, कारण कठडा बऱ्याचदा आत किंवा बाहेर बांधलेला असतो. आमच्याकडं जुनी माणसं खोली परसात, म्हणजे माणसाच्या मापानं, सांगतात. ऐकून घ्या, पण परस माणसागणिक बदलतो, तेव्हा टेप लावाच. मग मीटरमध्ये व्यास गुणिले व्यास गुणिले खोली, त्याला ०.७८५ नं गुणा आणि पुन्हा १००० नं. आलं ते लिटर. टेप फुटाचा असेल तर व्यास गुणिले व्यास गुणिले खोली गुणिले २२, की लिटरच्या जवळपास पोचता. चौकोनी विहिरीला लांबी, रुंदी, खोली आणि १००० एवढंच.

उदाहरण घेऊ. व्यास ४ मीटर, पाणी ३ मीटर. १६ गुणिले ३ म्हणजे ४८, त्याचं ०.७८५ नं झालं ३७.६८, म्हणजे ३७,६८० लिटर. १००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल हे रोजचं माप. तेव्हा सुमारे १८८ ग्रॅम. एवढं टाकल्यावर दर लिटरमागे साधारण १.६५ मिलिग्रॅम क्लोरीन पाण्यात जातो. त्यातला बराचसा घाण मारण्यात खर्ची पडतो, उरतो तो कामाचा. हे ३३ टक्क्यांच्या पावडरीचं माप. प्रयोगशाळेनं २५ टक्के सांगितली असेल तर त्याच हिशेबानं २५० ग्रॅमच्या आसपास जावं लागेल.

ही मोजणी एकदा करून भिंतीवर लिहून ठेवली की झालं असं समजू नका. तीच विहीर मे महिन्यात १ मीटर असते आणि ऑगस्टमध्ये ५. मापाला हात न लावता दोन्ही वेळा सारखंच टाकलं तर उन्हाळ्यात पाचपट जातं. पंधरा दिवसांनी एकदा दगड सोडायचाच. वजनाला काटा नसेल तर एखाद्या डबीचं झाकण ठरवा, ते भरून पावडर पिशवीत घ्या आणि किराणा दुकानात एकदा तोलून आणा. माझ्या एका झाकणात ४० ग्रॅम बसायचे. ते झाकण मी सोळा वर्षं वापरलं. बदलीच्या वेळी खुर्ची-टेबल सोडून आलो, झाकण घेऊन आलो.

आता मिसळणं. कोरडी पावडर वरून विहिरीत भिरकावायची पद्धत अजूनही दिसते. अर्धी वाऱ्यावर जाते, अर्धी पाण्यावर तरंगते आणि खाली जे पाणी आहे त्याला काही कळतच नाही. नाकाला टॉवेल बांधा, वाऱ्याकडं पाठ करा. प्लॅस्टिकच्या बादलीत एका वेळी १०० ग्रॅमपेक्षा जास्त पावडर घेऊ नका, म्हणजे वरच्या विहिरीला दोन बादल्या. आधी थोड्याच पाण्यात लाकडी काठीनं कालवा, भज्याच्या पिठासारखं, गुठळ्या मोडेपर्यंत. मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा आणि पाच-दहा मिनिटं हात लावू नका. चुना खाली बसतो. वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओता. क्लोरीन सगळा निवळीत आलेला असतो. तळाचा गाळ विहिरीत टाकला तर पाणी जड होतं आणि डाळ शिजत नाही म्हणून तुमच्याच नावानं शिव्या बसतात. गाळ लांब खड्ड्यात पुरा.

निवळीची बादली दोरीनं पाण्याच्या खाली सोडा आणि दोरी जोरजोरानं वरखाली, डावीउजवीकडं हलवा. बादली पाण्यात डुचमळत फिरली पाहिजे. हे काम कंटाळवाणं आहे आणि खांदे भरून येतात. रहाटावर उभं राहून अंधारात हे करणाऱ्या माणसाला बघून पोरं हसतात. हसू द्या. त्यानंतर निदान एक तास कुणी पाणी शेंदायचं नाही. म्हणून वेळ रात्रीची, शेवटची घागर गेल्यावर. दिवसा टाकाल तर उघड्या विहिरीतला क्लोरीन ऊन खाऊन टाकतं, आणि बायका तासभर थांबतही नाहीत, बरोबरच आहे त्यांचं.

एक तासानंतर ओटी घ्यायची. ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडीनची चाचणी. नळीत खुणेपर्यंत पाणी, किटवर लिहिलेत तितके थेंब, आणि पांढऱ्या कागदापुढं धरून लगेच रंग बघायचा. पहिल्या दहा सेकंदांत जो पिवळा रंग येतो तो मोकळ्या क्लोरीनचा. गप्पा मारत बसलात आणि पंधरा मिनिटांनी पाहिलंत तर रंग गडद झालेला असतो, पण त्यात दुसऱ्या पदार्थांत अडकलेला क्लोरीनही येतो, आणि त्याच्यात जंतू मारायचा जोर फार कमी. विहिरीवर ०.५ पीपीएम, म्हणजे लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम, हवा. नळाचं पाणी असेल तर वाडीच्या शेवटच्या घराच्या नळाला ०.२ तरी हवा. अधिकाऱ्यांच्या जीपला सोयीचं पडतं म्हणून टाकीखालच्या पहिल्या नळाची ओटी घेतात. तिचा काही उपयोग नाही. चढावरच्या शेवटच्या घरी चालत जा. रंग केशरी-तांबूस आला तर डोस फार झालाय. नळीतलं पाणी पाणवठ्यावर ओतू नका आणि हात धुवा. ओटीच्या रसायनावर कर्करोगाचा संशय आहे, लहान पोरांच्या हातात "बघ कसं पिवळं झालं" म्हणून नळी देऊ नये. मी दिलेली आहे, तेव्हा माहीत नव्हतं.

ठरलेलं माप टाकूनही रंग येत नाही, हे पहिल्या पावसानंतर हमखास होतं. पाण्यातली माती, कुजलेला पाला, शेणाचा अंश हे आधी क्लोरीन गिळतात. त्यांचं पोट भरल्यावर जे उरतं ते जंतूंच्या वाट्याला येतं. अशा वेळी डोस वाढवायचा, पुन्हा तासभर थांबायचं, पुन्हा ओटी. पण विहिरीवर वडाची फांदी आलेली असेल तर आधी ती तोडा. रोज ५० ग्रॅम जास्त टाकण्यापेक्षा कुऱ्हाड स्वस्त. पाणी चहासारखं गढूळ असेल तर टीसीएलवर विसंबूच नका. लोकांना तुरटी फिरवून, निवळून, गाळून, उकळून पिण्याचं सांगत दारोदार फिरा.

आता माझी फजिती. नोकरीचं तिसरं वर्ष. शेजारच्या गावात गॅस्ट्रोची साथ आलेली, वरून दम मिळालेला. घाबरून मी एका वाडीच्या विहिरीत दुप्पट-तिप्पट टीसीएल ओतलं, तेही सकाळी. ओटी तांबडी आली, मला अभिमान वाटला. तिसऱ्या दिवशी त्या वाडीतलीच चार पोरं जुलाबानं आडवी. मी गोंधळलो. विहिरीत जंतू राहणं शक्यच नव्हतं. विहिरीजवळच्या घरातल्या आक्का शेवटी म्हणाल्या, "आवं डाक्टर, त्या हिरीचं पानी पितंय कोन? चा नासतोय. दोन दिस झालं समद्या वढ्यावर जात्यात." ओढ्याच्या वरच्या अंगाला काय चालायचं ते सांगायला नको. पोरं सलाइनवर वाचली. त्या दिवसापासून मी अंदाजानं टाकायचं बंद केलं. दगड, दोरी आणि झाकण हे सगळं त्यानंतरचं. आक्कांना मी माझी दुसरी ओटी म्हणायचो. सकाळी त्यांच्या ओसरीवर चहा घ्यायचा आणि चव बघायची.

ज्याच्यासाठी हा खटाटोप, त्या जंतूंबद्दल थोडं. पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, जंतू सूक्ष्मदर्शकाखाली स्वल्पविरामासारखा वाकडा दिसतो. जर्मन संशोधक रॉबर्ट कॉख १८८३ च्या अखेरीस कलकत्त्यात आले तेव्हा तो त्यांना रोग्यांच्या आतड्यात तर सापडलाच, पण साथ चालू असलेल्या वस्तीच्या तळ्याच्या पाण्यातही सापडला. तो माणसाला मारतो कसा, हे मात्र कलकत्त्याच्याच शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवलं. जंतू आतड्यात विष सोडतो आणि त्या विषामुळं अंगातलं पाणी आतड्यात ओतलं जातं. भाताच्या पेजेसारखे जुलाब होतात ते यामुळं. आपल्याकडं तेव्हा साथ आली की मरीआईचा गाडा शिवेपलीकडं नेऊन सोडायचे. पलीकडचं गाव तो पुढं ढकलायचं. जंतू गाड्यात नसायचा, पण गाड्याबरोबर जाणाऱ्या माणसांत असायचा हे नक्की.

क्लोरीनपुढं हा जंतू लेचापेचा आहे. विषमज्वराचाही तसाच. कावीळीचे विषाणू जरा चिवट, म्हणून ०.५ पीपीएमचा आग्रह. पण आमांशाच्या अमिबाची आणि जिआर्डियाची कवचं रोजच्या डोसला दाद देत नाहीत, आणि क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी तर क्लोरीनला विचारतच नाही. त्यांना उकळी लागते. म्हणजे विहीर उत्तम सांभाळली तरी घरात तान्हं मूल किंवा आजारी माणूस असेल तर त्यांचं पाणी उकळायचंच.

गप्पी मासे हा आमच्याच खात्याचा विनोद. हिवतापाच्या डासांच्या अळ्या खायला एक जण विहिरीत गप्पी सोडतो, दुसरा येऊन टीसीएल टाकतो आणि सकाळी मासे उताणे. गावात बोंब होते की पाण्यात विष घातलं. पिण्याच्या विहिरीत गप्पी सोडू नका. डबकी, हौद, न वापरातले आड त्यांच्यासाठी.

लांबच्या एखाद्या वस्तीवर रोज जाणं जमत नसेल तर मडकी लटकवा. ही नागपूरच्या नीरी संस्थेची युक्ती. एकात एक बसणारी दोन मडकी घ्यायची. आतल्या मडक्यात १ किलो टीसीएल आणि २ किलो जाडी वाळू ओलसर करून भरायची. आतल्याला वर, गळ्याजवळ एक सेंटिमीटरचं भोक. बाहेरच्याला तळापासून चार सेंटिमीटर वर तेवढंच भोक. पावडर भोकाच्या खाली राहिली पाहिजे. तोंड प्लॅस्टिकनं बांधून पाण्याच्या पातळीखाली मीटरभर सोडायचं. क्लोरीन झिरपत राहतो. पण हे ४५०० लिटरच्या आणि रोज ४०० लिटरच्या आसपास उपसा असलेल्या लहान आडाचं माप आहे, तिथं दोन-तीन आठवडे चालतं. पंचायतीच्या मोठ्या विहिरीत एक मडकं टांगून कागदावर "क्लोरिनेशन झाले" लिहिणारे भेटले तर त्यांना गुणाकार करायला लावा.

आणि तरीही साथ आली तर? विहिरीकडं धावण्याआधी वही उघडा. कोण आजारी, कोणतं घर, कधीपासून, कुठलं पाणी. डॉक्टर जॉन स्नो यांनी १८५४ सालच्या पटकीत लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर दगावलेल्यांच्या घरांचा नकाशा काढला, ते प्रशिक्षणात सगळ्यांना शिकवतात आणि सगळे विसरतात. एका गावात मी तीन दिवस नळाला पाणी देणाऱ्या विहिरीत टीसीएल टाकत होतो, ओटी पिवळीधमक, आणि रोगी वाढतच होते. घरं वहीत मांडली तेव्हा दिसलं की सगळी एकाच आळीची. त्या आळीच्या तोंडाशी व्हॉल्व्हचं चेंबर, त्यात गटाराचं पाणी गुडघाभर, आणि व्हॉल्व्हला गळती. पाणी सोडलं की गळतं ते सगळ्यांना दिसतं. पाणी बंद झालं की रिकामा पाइप तेच पाणी आत ओढून घेतो, ते कुणाला दिसत नाही. दुसऱ्या दिवशी पहिली बादली घेणाऱ्या घरांना सगळ्यात जास्त लागण झाली होती. चेंबर उपसलं, व्हॉल्व्ह बदलला, लाइन जास्त डोसच्या पाण्यानं भरून, थांबवून, धुऊन काढली.

जुलाबाच्या साथीला काल-परवाचं पाणी शोधायचं, कारण पटकी काही तासांपासून पाच दिवसांत दिसते. कावीळीला मात्र मागचा महिना उकरावा लागतो. तोवर गळती कुणीतरी बुजवलेलीही असते आणि कबूल कोण करतो? गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले तर शोध वगैरे बाजूला ठेवून तिला आधी मोठ्या दवाखान्यात पाठवा. इ प्रकारची कावीळ शेवटच्या महिन्यांत जीव घेते.

तोवर रोग्याला जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस. पूर्ण पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्धं पाकीट पेल्यात ढवळून देणारी सासू प्रत्येक आळीत एक असते, तिला प्रेमानं समजवा. पाकीट नसेल तर एक लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून घोट-घोट. सहा महिन्यांवरच्या मुलाला जुलाब थांबले तरी झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी चौदा दिवस. डोळे खोल गेले, लघवी थांबली, मूल सुस्त पडलं की पाजत पाजत दवाखान्यात न्यायचं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपल्यावर डॉ. दिलीप महालनोबिस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायच्या सोड्याचं पाणी पिंपात कालवून नातेवाइकांच्या हातून पाजलं. जिथं शंभरात तीस दगावत होते तिथं ते प्रमाण चारच्या खाली आलं. पाणी पाजणारी आई म्हणजे निम्मा दवाखाना, हे मी तिथून उचललं.

त्या आळीतला शेवटचा रोगी बरा झाल्यावर मी दहा दिवस मोजले. नवा कुणी आला नाही, तेव्हा डोस परत ५ ग्रॅमवर आणला. अकराव्या दिवशी सकाळी त्याच आळीत एका घरी चहाला बसवलं. म्हातारीनं बशीत ओतला, एक घोट घेतला आणि सुनेला म्हणाली, "आज चा चावानी लागतोय."